आठ मिनिटांचं स्थळ

आमच्या सोलापूरच्या वधू-वर सूचक मंडळात नाव मुलीचं नोंदवतात आणि फॉर्म भरतात तिचे वडील. पगार किती, पुण्यात फ्लॅट आहे का. साइटवरही हेच रकाने. तिथं तर नको तो माणूस समोर यायच्या आधीच गाळला जातो.

म्हणून यंदाच्या मेळाव्यात मी स्टेजवरचा परिचय बंदच केला. भरल्या सभागृहात माइक धरून स्वतःचं पॅकेज सांगायचं, याला मी परिचय मानत नाही. टेबलं मांडली. मुली जागेवर बसून. दर आठ मिनिटांनी घंटा झाली की मुलं पुढच्या टेबलावर. बिल्ल्यावर पहिलं नाव आणि नंबर, बाकी काही नाही. पुन्हा भेटावंसं वाटलं तर चिठ्ठीवर तो नंबर लिहायचा. दोघांनी एकमेकांचा लिहिला तरच मी फोन नंबर देते. १९९८ च्या सुमारास लॉस एंजेलिसमध्ये याकोव्ह डेयो या रब्बींनी ज्यू तरुणांसाठी ही पद्धत काढली. त्यांनाही समाजातल्या समाजात लग्नं जमवायची होती.

पालकांना वेगळ्या खोलीत बसवायला मात्र मला मंडळात भांडावं लागलं. आई शेजारी बसली की मुलगा गप्प आणि आईच बोलते. इतके मेळावे भरवूनही आमच्या ज्येष्ठांना हे दिसत नाही.

पुण्यात नोकरी करणारी मुलं-मुली हुतात्मा एक्स्प्रेसनं आदल्या रात्रीच आली होती. एक मुलगी म्हणाली, "मावशी, अॅपवर महिनाभर गोड बोलतात आणि भेटायचं म्हटलं की गायब होतात. इथं निदान माणूस दिसतो."

तरी मुलींची नोंदणी कमीच. डिसेंबर २०२२ मध्ये याच शहरात लग्न न जमलेले तरुण नवरदेवाच्या पोशाखात घोड्यावर बसून कलेक्टर कचेरीवर गेले, तेव्हा लोक हसले. मला हसू आलं नाही. शेतकरी आणि यंत्रमागवाल्या घरातल्या मुलांचे फॉर्म माझ्याकडे वर्षानुवर्षं पडून असतात.

त्यातलाच एक मुलगा त्या दिवशी आला होता. अक्कलकोट रस्त्यावरच्या एमआयडीसीत घरचा टॉवेलचा कारखाना. इस्त्रीचा शर्ट, पण कॉलरला सुताचे बारीक तुसे चिकटलेले. त्याचा आवाज एवढा मोठा की शेजारची टेबलं वळून बघायला लागली. समोरची मुलगी म्हणाली, "जरा हळू बोला की." तो ओशाळला. "दिवसभर मागाच्या खडखडाटात असतो. हळू बोललेलं तिथं कुणाला ऐकूच जात नाही." मग ती धोटा कसा पळतो, सूत तुटलं तर कसं कळतं, असं विचारत बसली. घंटा झाली तरी तो उठेना. मी जाऊन उठवला.

दोघांच्या चिठ्ठ्यांवर एकमेकांचे नंबर होते. ठरल्याप्रमाणे मी फोन नंबर दिले.

दुसऱ्या दिवशी मुलीचे वडील ऑफिसात. "मॅडम, फॉर्मवर नोकरीवालाच पाहिजे असं स्पष्ट लिहिलं होतं. हा समोर आलाच कसा?" त्यांच्या काळजीत खोट नाही. मागांवर संसार ओढताना काय होतं हे त्यांनी जवळून पाहिलंय. पण मुलगी एकोणतीस वर्षांची आहे, स्वतः कमावते, आणि गेली तीन वर्षं त्यांनी आणलेल्या प्रत्येक नोकरीवाल्याला नाही म्हणतेय.

काल तिचा फोन आला. शनिवारी ती त्याचा कारखाना बघायला जाणार आहे. "मावशी, बाबांना तुम्ही सांगाल का?"

मी म्हटलं, सांगायचं तूच. मी शेजारी बसेन.