०/१ की १/०?

सिलिकाच्या धुळीत १९ वर्षं काढल्यावर धाप लागायला लागली. तपासणी, भरपाईचा अर्ज, कामाचे दाखले, सगळं मार्गी लागलं. घोडं अडलं ते एका तिरप्या रेघेवर.

एका डॉक्टरांनी छातीचा एक्स-रे वाचून लिहिलं १/०. दुसऱ्यांनी त्याच एक्स-रेवर लिहिलं ०/१. खिडकीवरचा कारकून म्हणाला, "आकडे तेच की, नुसते उलटे." त्या उलट्या आकड्यांपायी फाइल चार महिने पडून होती. पहिल्या महिन्यात माझी खात्रीच झाली होती की दुसऱ्या डॉक्टरांना कुणीतरी गाठलंय.

तिसऱ्या डॉक्टरांनी मला स्क्रीनसमोर बसवलं. मधे माझा एक्स-रे, दोन्ही बाजूंना आयएलओचे, म्हणजे आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचे नमुना एक्स-रे. वाचन असं नमुने शेजारी ठेवून, फुप्फुसातले ठिपके किती दाट आहेत त्याच्या १२ पायऱ्यांवर करायचं असतं. पहिला आकडा डॉक्टरांचा कौल, दुसरा त्यांनी गंभीरपणे विचारात घेतलेला पर्याय. म्हणजे १/० ला 'ठिपके आहेत, पण नाहीत असंही वाटून गेलं', आणि ०/१ ला नेमकं उलट. शंका दोघांचीही एकच! कार्यालयाची भरपाईची रेघ मात्र बरोबर त्या दोघांच्या मधून जाणारी.

ते ठिपके तरी केवढे? सगळ्यात बारीक, 'पी' गटातले, जास्तीत जास्त दीड मिलिमीटर. त्यात माझी फिल्म पांढुरकी आणि श्वास अर्धाच घेतलेला. अशा फिल्मवर नसलेले ठिपकेही असल्यासारखे दिसतात, म्हणाले. म्हणजे नवा एक्स-रे काढला तर माझंच नुकसान व्हायचं! आठ दिवस झोप नाही. शेवटी काढला. (फिल्मचा दर्जा १ ते ४ असा नोंदवतात. अहवालात तो आकडा आधी बघा, मी बघितलाच नव्हता.)

नवी फिल्म तिघांनी वेगवेगळी वाचली. दुसरे ०/१ वर ठाम, पहिले १/० वर, तिसऱ्यांचं १/१, म्हणजे 'आहेत', शंका नाही. मधला धरला: १/०. फुप्फुसात धूळ आहे असं ठरलं आणि मी कार्यालयाच्या जिन्यात हसत सुटलो.

कामाच्या वर्षांचे दाखले मात्र जपून ठेवा, कारण हे वाचन म्हणजे निदान नव्हे, फिल्मवर काय दिसतं त्याची नोंद. श्वास पूर्ण भरून रोखायचा, हे तंत्रज्ञ घाईत सांगत नाहीत. आणि मोबाइलने काढलेला एक्स-रेचा फोटो वाचायला देऊ नका; मी दिला होता, त्यात मागच्या ट्यूबलाइटचं प्रतिबिंब आलं होतं.