केप व्हर्डे, आज दिवसभर डोक्यात

आज सुट्टी, म्हणून सकाळी चहा पिता पिता केप व्हर्डेची ती एस्वातिनी या आफ्रिकन देशाविरुद्धची फुटबॉल मॅच परत बघितली, १३ ऑक्टोबर २०२५, त्यांची राजधानी प्राया, ३-० ने जिंकले, आणि शेवटचा गोल जुन्याजाणत्या स्टोपिराचा, तेव्हा खरंच डोळ्यात पाणी आलं. जेमतेम पाच-सव्वापाच लाख लोकं, दहा बेटं, १९७५ ला पोर्तुगालपासून सुटलेला देश आणि त्या विजयाने थेट वर्ल्डकपमध्ये!! २०१३ ला पहिल्यांदा आफ्रिका कप खेळले तेव्हाच क्वार्टर फायनल गाठलेली.

त्यांच्या टीममधल्या, डब्लिनमध्ये जन्मलेल्या रॉबर्टो लोपेसला तर कोचने लिंक्डइनवर पोर्तुगीजमध्ये मेसेज टाकलेला, त्याने कित्येक महिने बघितलाच नाही नीट. बाहेर वाढलेली पोरं बापाच्या देशासाठी खेळायला येतात हे मला फार भिडतं.

संध्याकाळी लेकीला नकाशात ती बेटं दाखवली, सेनेगलच्या पश्चिमेला, बारीक ठिपके नुसते.