केप हेन्रीचा पायलट

अमेरिकेचं बंदर जवळ आलं की जहाजावर लगीनघाई सुरू होते, ती कागदांची. क्रू लिस्ट, पासपोर्ट, व्हिसा, सीडीसी म्हणजे खलाशाचं ओळख-पुस्तक. एका माणसाचं स्पेलिंग दोन कागदांवर वेगळं निघालं तरी कॅप्टनचा आवाज चढतो. मी तेव्हा सेकंड ऑफिसर होतो. आमचं बल्क कॅरियर कोळसा भरायला नॉरफोकला चाललं होतं आणि देवगडच्या एका पोराचा, आमच्या ओएसचा (ऑर्डिनरी सीमन, खालच्या दर्जाचा खलाशी), अमेरिकन व्हिसाच नव्हता. त्याला घाईत जॉइन करायला लागलं होतं. म्हणजे जहाज बंदरात असेपर्यंत त्याला गँगवे, म्हणजे जहाजाचा जिना, उतरता येणार नव्हता.

बंदराच्या वाटेवरच्या केप हेन्रीच्या बाहेर पायलट, म्हणजे जहाज बंदरात नेणारा स्थानिक वाटाड्या, चढला. वयस्कर, बोलका माणूस. एकीकडे सुकाणूच्या ऑर्डर देतोय, दुसरीकडे गप्पा. कॅप्टनने व्हिसाचं रडगाणं सांगितलं तसा तो हसला आणि मागे, आम्ही ज्या पाण्यातून आलो तिकडे हात करून म्हणाला, इथे एकदा माणसं उतरवून नेली होती, तीही लढाऊ जहाजावरून.

तारीख २२ जून १८०७. अमेरिकन नौदलाचं ‘चेसापीक’ नॉरफोकहून भूमध्य समुद्राकडे निघालं होतं. लांबचा प्रवास, त्यामुळे डेकवर सामानाचा पसारा आणि तोफा सज्ज नाहीत. केप हेन्री ओलांडल्यावर ब्रिटिशांचं ५० तोफांचं ‘लेपर्ड’ जवळ आलं आणि एक लेफ्टनंट पत्र घेऊन चढला. आमच्या नौदलातून पळालेले खलाशी तुमच्याकडे आहेत, झडती घेऊ द्या. ‘चेसापीक’वरच्या कमोडोर जेम्स बॅरनने साफ नकार दिला. आपल्या क्रूची हजेरी परक्या अधिकाऱ्यांना घेऊ द्यायची नाही, असा त्याला हुकूम होता. लेफ्टनंट परत गेला आणि ‘लेपर्ड’ने भडिमार सुरू केला. तीन ठार, अठरा जखमी. ‘चेसापीक’वरून उत्तरादाखल एकच तोफ उडाली. तीही त्यांच्या एका लेफ्टनंटने गॅलीतून, म्हणजे स्वयंपाकघरातून, पेटता निखारा आणला म्हणून! मग झेंडा उतरला आणि ब्रिटिशांनी हजेरी घेऊन चार माणसं नेली.

आम्ही अँकर टाकून बर्थची, म्हणजे धक्क्यावरच्या जागेची, वाट पाहत होतो तेव्हा रात्रीच्या वॉचनंतर मी या प्रकरणाबद्दल मिळेल ते वाचून काढलं. चौघांपैकी एकच खरा ब्रिटिश, जेंकिन रॅटफर्ड. खोट्या नावाने भरती झालेला. त्याला कॅनडातल्या हॅलिफॅक्सला फाशी दिलं. बाकी तिघे, वेअर, मार्टिन आणि स्ट्रॅचन, अमेरिकन होते.

ब्रिटिश खलाशी पळत का होते, हे मात्र पगाराच्या आकड्यावरून मला पटकन कळलं. त्यांच्या नौदलात खलाशाचा पगार १६५३ पासून १७९७ पर्यंत तोच. जवळजवळ दीडशे वर्षं! त्याच काळात युद्ध पेटलं की व्यापारी जहाजांवर दुप्पट-तिप्पट मिळायचे. मग नौदलात आपणहून जाईल कोण? म्हणून सरकार पकडून न्यायचं. बंदरातल्या गुत्त्यांतून माणसं उचलणाऱ्या टोळ्यांच्या गोष्टी सगळ्यांनी ऐकलेल्या असतात, पण मी हललो ते समुद्रावरच्या पकडीने. ईस्ट इंडीजहून दीड-दोन वर्षांनी परतणारं जहाज, किनारा दिसायला लागलेला, आणि तिथेच नौदलाची बोट आडवी. घर नजरेच्या टप्प्यात असताना माणूस पुन्हा युद्धनौकेवर, किती वर्षांसाठी ते कुणीच सांगत नसे. साइन ऑफच्या, म्हणजे जहाजावरून सुटायच्या, तारखेवर जगणाऱ्या माणसाला याहून वाईट काय असतं? २०२० मध्ये करार संपूनही महिनोन् महिने जहाजावर अडकलेले आम्ही लोक त्याची थोडी कल्पना करू शकतो. थोडीच. आमच्यावर कुणी चाबूक उगारला नव्हता.

हिंदुस्तानच्या बंदरांतही कंपनीच्या जहाजांवरून गोरे खलाशी असेच काढून घेत. त्यांच्या जागी लस्कर, म्हणजे हिंदुस्तानी खलाशी, भरून जहाजं इंग्लंडला जात. आपल्या किनाऱ्यावरच्या माणसांना त्या जहाजांवर काम मिळालं, त्याची एक वाट ही अशी.

अमेरिकेने १७९६ मध्ये कायदा करून खलाशांना नागरिकत्वाचा दाखला द्यायला सुरुवात केली. पंचवीस सेंट फी. त्यात वय, उंची, रंग, अंगावरचे व्रण. आमच्या सीडीसीत ओळखीची खूण लिहितात, तसंच. ब्रिटिश अधिकारी दाखला बघून म्हणत, विकतचा असेल. काही खरंच विकतचे असत, ही त्यांना मिळालेली सोय. शिवाय त्यांच्या लेखी ब्रिटनमध्ये जन्मलेला माणूस मरेपर्यंत राजाचाच. अमेरिकन सरकारने १८१२ च्या सुरुवातीला जाहीर केलेला पकडलेल्यांचा आकडा सहा हजारांवर होता. त्याच वर्षी १८ जूनला युद्ध जाहीर झालं. १८१४ मध्ये तह झाला, त्यात सक्तीच्या भरतीबद्दल एक अक्षर नाही. नेपोलियन हरला होता, माणसांची गरज सरली होती. मला विचाराल तर पकडापकड थांबली ती त्यामुळे, कुणाच्या दाखल्यामुळे नव्हे.

बर्थला लागल्यावर इमिग्रेशनचे अधिकारी आले. मेस रूममध्ये सगळे ओळीने, हातात पासपोर्ट, चेहरा आणि फोटो जुळवून पाहणं. आमच्या ओएसचं नाव बाजूला लिहिलं गेलं. कायद्याने ते बरोबरच होतं, पण पोराचं तोंड एवढंसं झालं. बाकीचे सिम कार्डं आणायला निघाले आणि तो गँगवे वॉचला.

संध्याकाळी त्याला बरं वाटावं म्हणून मी ही गोष्ट सांगितली. वेंगुर्ल्याचे बोसन, म्हणजे डेकवरच्या खलाशांचे मुकादम, तेही ऐकत उभे होते. वेअर हॅलिफॅक्सच्या हॉस्पिटलात वारला आणि मार्टिन-स्ट्रॅचनला १८१२ मध्ये बोस्टनला आणून त्याच ‘चेसापीक’वर सोडलं, इथपर्यंत आलो.

पोरगा विचार करून म्हणाला, “सेकंड साब, मगे त्यांका पाच वर्सांचो पगार गावलो काय?”

माझ्या आधी बोसनच बोलले. “ता रवांदे. तू आधी तुझो ओव्हरटाइम लिही.”