साखरेचं भांडं, नोंद तिसरी: सिंह उपरा निघाला

अखेर माझ्या चांदीच्या भांड्याचे शिक्के (गाव, शुद्धता, साल सांगणारे) वाचता आले. तळाशी इतकं काळं साचलं होतं की दोन रविवार नुसते पुसण्यात गेले. जहाजाचा नांगर म्हणजे बर्मिंगहॅम, चालता सिंह म्हणजे ९२५ची (हजारात ९२५ भाग शुद्ध) चांदी, राणीचं डोकं म्हणजे कर भरलेला (हा शिक्का १८९० साली बंद झाला) आणि जुन्या वळणाचा छोटा 'एफ', म्हणजे १८८०-८१. कारागिराची अक्षरं मात्र झिजून सपाट झाली आहेत.

साल नक्षीशी जुळतं. १८६२च्या लंडन प्रदर्शनात जपानी वस्तू मांडल्या गेल्या, १८७६-७७मध्ये ब्रिटिश डिझायनर ख्रिस्तोफर ड्रेसर स्वतः जपान फिरून आला, आणि मग इंग्रजी चहाच्या टेबलावर बांबू, पंखे, बगळे यांचं पीकच आलं. माझ्या भांड्याचा कान बांबूच्या पेरांचा आहे. पोटावर तिरका पंखा, त्यात बगळा. उरलेली जागा मोकळी सोडली आहे. नेमकी तीच मोकळी जागा मला आवडते.

पंख्याशेजारी एका वर्तुळात तीन पानं कोरली आहेत. आधी मी ती नुसती वेलबुट्टी समजत होतो. पण ती जपानच्या तोकुगावा घराण्याच्या चिन्हाच्या फारच जवळची आहेत! ज्यांची सत्ता १८६८ला संपली त्या शोगुनांची (जपानच्या लष्करी सत्ताधीशांची) खूण इथे साखरेच्या भांड्यावर नक्षी म्हणून आली. कोरणाऱ्याला त्याचा पत्ता असेल असं वाटत नाही.

आता दुसरी बाजू. तिथे क्रेस्ट आहे: पीळ घातलेल्या पट्टीवर अर्धा सिंह. क्रेस्ट म्हणजे कुलचिन्हातला शिरस्त्राणावरचा भाग, अख्खं कुलचिन्ह नव्हे. विकणारा 'जुन्या सरदार घराण्याचं' म्हणाला होता आणि त्याचे पैसेही त्याने वाजवून घेतले. पण अर्धा सिंह कितीतरी घराणी लावत, तेवढ्यावरून नाव सापडत नाही.

त्यातून शंका आली ती आयाळीवरून. बगळ्याची पिसं दीडशे वर्षांच्या पुसण्याने गुळगुळीत झाली आहेत आणि सिंहाची आयाळ मात्र नखाला लागते. मग जुनी युक्ती केली: त्या जागेवर तोंडाची वाफ सोडली. क्षणभर सिंहाखाली दोन गुंफलेली अक्षरं उमटली आणि विरली. अंगठ्याने दाबलं तर पत्राही तिथे किंचित आत जातो. म्हणजे आधीच्या मालकाची अक्षरं घासून काढली आणि वर सिंह बसवला. कधी, कोणी, ते ठाऊक नाही.

पैसे गेले ते गेले. सिंह तसाच ठेवतोय. पुन्हा घासला तर भोकच पडेल.

सफाईबद्दल एकच सांगतो. गौरी-गणपतीच्या आधी आई चांदी रांगोळीने लख्ख करते, तो हात इथे चालवू नका. कोमट पाणी, सौम्य साबण, मऊ कापूस, अगदीच हट्टी डागावर ओली खडूची पूड. बुडवून चमकवायचं द्रावण तर नकोच. रेघांमधला काळेपणा गेला की बगळा दिसेनासा होतो. साखरेच्या चिमट्याच्या बाबतीत मी ती चूक केली आहे.

पुढच्या रविवारी कानाचा हलणारा जोड.