१७ नंबरचा फॉर्म

माझ्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर कारणाच्या रकान्यात दोनच शब्द आहेत: ‘सतत गैरहजर’. तो दाखला मी पहिल्यांदा हातात घेतला तेव्हा मी पस्तीस वर्षांची होते. शाळेच्या पायरीवर बसून ते दोन शब्द किती वेळा वाचले, सांगता येणार नाही.

आमचं गाव बीड जिल्ह्यातलं. दसरा झाला की ऊसतोडीचा मुकादम दारात यायचा. उचल, म्हणजे तोडणीच्या मजुरीची आगाऊ रक्कम, पावसाळ्यातच घेतलेली असायची, त्यामुळे नाही म्हणायची सोय नव्हती. दिवाळी सरता सरता अख्खी टोळी ट्रकमध्ये बसून साखर कारखान्यावर जायची, ती गुढीपाडव्याच्या पुढेमागे परतायची. मला सातवीपर्यंत आजीने गावात ठेवून घेतलं, म्हणून शाळा झाली. मी आठवीत गेले त्या पावसाळ्यात आजी वारली. धाकटा भाऊ दोन वर्षांचा होता. मी सहामाहीचे सगळे पेपर दिले आणि चौथ्या दिवशी ट्रकमध्ये बसले. आई आणि दादा, म्हणजे माझे वडील, मिळून एक कोयता, म्हणजे तोडणीची एक जोडी. त्यांनी पहाटे उसाच्या फडात जायचं, मी कोपीवर, म्हणजे आमच्या झोपडीवर राहून भावाला सांभाळायचं, पाणी आणायचं, भाकरी थापायच्या. संक्रांतीनंतर मीही मोळ्या बांधायला लागले. गावी आलो तेव्हा वार्षिक परीक्षा होऊन गेली होती. जूनमध्ये मला कुणी शाळेत जा म्हटलं नाही, आणि मीही गेले नाही.

पुढे लग्न झालं आणि पुण्यात दापोडीला आले. मालक टेम्पो चालवतात. दोन मुलगे झाले. धाकटा बालवाडीत जायला लागल्यावर मी एका खासगी दवाखान्यात आया म्हणून लागले. पेशंटची कूस बदलणं, बेडपॅन देणं, स्पंजिंग, सलाईन संपत आलं की सिस्टरला हाक मारणं, हे सगळं मी आठ वर्षं केलं. मग एका सिस्टरांनी सांगितलं की जनरल ड्यूटी असिस्टंटचा कोर्स कर. काम बरंचसं हेच, पण हातात प्रमाणपत्र येतं आणि पगारात फरक पडतो. मी चौकशीला गेले. तिथल्या मॅडमनी पहिलाच प्रश्न विचारला, “दहावी कधी झालात?”

त्या रात्री मी घरी काही बोलले नाही. मोठ्याच्या शाळेत पालकसभा होती, तिथे त्याच्या वर्गशिक्षिकांना सहज विचारलं की माझ्यासारखीने दहावी करायची तर रात्रशाळा कुठे आहे. त्या म्हणाल्या, “तुमची ड्यूटी दर आठवड्याला बदलते, रात्रशाळा कशी जमणार? तुम्ही १७ नंबर भरा.” मी तो शब्द तेव्हा पहिल्यांदा ऐकला. १७ नंबर म्हणजे राज्य मंडळाचा खाजगी विद्यार्थ्यांसाठीचा फॉर्म. रोज शाळेत जायचं नाही, अभ्यास घरी करायचा. जवळची एक शाळा संपर्क केंद्र म्हणून मिळते, तोंडी आणि प्रात्यक्षिकं तिथे द्यायची. बोर्डाची परीक्षा मात्र सगळ्यांबरोबर, त्याच पेपरची, त्याच वेळेला. त्यासाठी सगळ्यात आधी लागतो तो शाळा सोडल्याचा दाखला.

हे मी मुद्दाम सविस्तर लिहिते आहे, कारण माझ्यासारख्या बऱ्याच जणी इथेच थांबतात. पुस्तकांपर्यंत पोचतच नाहीत.

२०२३च्या मे महिन्यात मी वाकडेवाडीहून बीडची एसटी पकडली. मार्चपासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट झालं होतं, नाहीतर तीन फेऱ्या मला परवडल्या नसत्या. पहिल्या फेरीत हेडसर बैठकीला गेलेले आणि कपाटाची किल्ली त्यांच्याकडे. दुसऱ्या फेरीत क्लार्कने जनरल रजिस्टर काढलं, वीस मिनिटं पानं उलटली आणि म्हणाला, “ताई, तुमचं नावच नाही इथे.” मी आठ वर्षं जिथे पाटी-दप्तर घेऊन गेले, तिथे माझं नाव नाही! माझे पायच गळाले. बाहेर घंटेपाशी शिपाईमामा बसले होते, आता अगदी म्हातारे झालेले. त्यांनी विचारलं, “तुझ्याबरोबर कोण होतं शाळेत?” माझी चुलतबहीण आणि मी एकाच दिवशी पहिलीत गेलो होतो. तिच्याकडे तिचा दाखला होता. तिला फोन लावून रजिस्टर नंबर घेतला. तिच्या खालच्याच ओळीत मी होते. क्लार्क मी शाळा सोडल्याच्या वर्षाचं रजिस्टर बघत होता, आणि नाव असतं ते दाखल झाल्याच्या वर्षाच्या रजिस्टरात. तुम्ही कधी गेलात तर पहिलीत कधी बसलात ते वर्ष आठवून जा, किंवा बरोबरीच्या कुणाचा नंबर घेऊन जा. तिसऱ्या फेरीत सही-शिक्क्याचा दाखला मिळाला.

त्यावर माझी जन्मतारीख १ जून आहे. आमच्या वर्गातल्या निम्म्या मुलांची १ जूनच होती. गुरुजींनी शाळेत घालायला वय बसावं म्हणून लिहिलेली. आधारवर मात्र १ जानेवारी, आणि नाव नवऱ्याचं. दाखल्यावर नाव दादांचं. मोठ्याच्या बाईंनी बजावलं होतं की गुणपत्रिकेवर दाखल्यावरचंच नाव आणि तारीख येणार, तेव्हा फॉर्ममध्ये स्पेलिंगसकट सगळं दाखल्याप्रमाणे भरा, आणि विवाह नोंदणीचा दाखला कायम जवळ ठेवा. तसंच केलं. आधारवरची तारीख पुढे दहावीच्या प्रमाणपत्रावरून दुरुस्त करून घेतली.

फॉर्म ऑनलाइन भरायचा असतो. तो पावसाळ्यात सुटतो, मुदत संपली तर पुढे विलंब शुल्क लागतं. दाखला, आधार, फोटो स्कॅन करून चढवले, फी ऑनलाइनच भरली. मग छापील प्रत आणि मूळ दाखला संपर्क केंद्राच्या शाळेत नेऊन दिला. आणि एक लक्षात ठेवा, १७ नंबर म्हणजे फक्त नावनोंदणी. परीक्षेचं आवेदनपत्र त्यानंतर वेगळं भरावं लागतं, शाळेमार्फत, परीक्षा शुल्कासकट. आमच्या वस्तीतली एक बाई नोंदणी करून निवांत बसली, शाळेत डोकावलीच नाही, आणि तिचं वर्ष गेलं. मी दर पंधरा दिवसांनी केंद्रावर चक्कर मारायचे. काही नसलं तरी जायचे.

मग अभ्यास. बालभारतीची पुस्तकं मोबाइलवर फुकट उतरवता येतात, पण मला कागद हवा होता. मोठा तेव्हा नववीत होता. त्याच्या ओळखीच्या मुलाची जुनी पुस्तकं निम्म्या किमतीत मिळाली. पहिल्या दिवशी गणित भाग एक उघडला. पहिलाच धडा दोन चलांतील रेषीय समीकरणे. मला ‘चल’ म्हणजे काय तेच कळेना. आमच्या चाळीत एक निवृत्त शिक्षिका राहतात. त्यांच्याकडे गेले, तर त्यांनी दहावीचं पुस्तक मिटून बाजूला ठेवलं आणि पाचवीचं आणायला सांगितलं. दोन महिने फक्त अपूर्णांक, दशांश, टक्केवारी, गुणोत्तर. मला घाई झाली होती, त्यांना नव्हती, आणि त्यांचंच बरोबर होतं.

टक्केवारी मला आली ती उचलीवरून. बाईंनी दुकानदाराचा नफा-तोटा घातला की माझं डोकं चालेना. एकदा मीच म्हटलं, दादांनी तीस हजार उचल घेतली, हंगामात बावीस हजार फिटली, तर किती टक्के अंगावर राहिली? बाईंनी मला मांडायला लावलं. आठ भागिले तीस, गुणिले शंभर. सव्वीस पूर्णांक दोन तृतीयांश. दादांना एवढंच कळायचं की अजून फिटली नाही, पुढच्या दिवाळीला परत जायचंय. मुकादम वहीत काय लिहितो ते आई-दादांना वाचता यायचं नाही. त्या दिवसानंतर मला गणिताची भीती राहिली नाही. राग मात्र आला, आणि तो अभ्यासाच्या कामी आला. पुस्तकात अर्थनियोजनाचा धडा आहे, त्यात जीएसटी येतो. मी दवाखान्यातल्या मेडिकल स्टोअरची बिलं आणून त्यावर ताडून बघायचे.

भूगोल मला सगळ्यात आवडला. दहावीचं अख्खं पुस्तक भारत आणि ब्राझील या दोन देशांच्या तुलनेवर आहे. तिथेही उसाचे मळेच्या मळे आहेत, जगात सगळ्यात जास्त ऊस ब्राझीलमध्ये पिकतो, हे मला माहीत नव्हतं. तिथल्या तोडणाऱ्यांची पोरं शाळेत जातात का, हे कुठे सापडतंय का म्हणून मी पुस्तक पुन्हा चाळलं.

इंग्रजीने मात्र शेवटपर्यंत छळलं. शब्द वाचता यायचे, वाक्य लागायचं नाही. त्यात भाषेला आता प्रश्नपत्रिकेऐवजी कृतिपत्रिका असते. पाठ केलेलं उत्तर लिहून भागत नाही, उतारा वाचून आकृत्या, तक्ते पुरे करावे लागतात. मागच्या पाच वर्षांच्या कृतिपत्रिका सोडवल्या तेव्हा कुठे प्रश्नाचा रोख कळायला लागला.

ज्याचा मी विचारच केला नव्हता, ती अडचण होती हाताची. वीस वर्षांत मी सहीपलीकडे काही लिहिलेलं नव्हतं. ऐंशी गुणांच्या पेपरला तीन तास असतात. सरावाचा पहिला पेपर लिहायला बसले, तर पाऊण तासात अंगठा आखडला आणि अक्षर सांडायला लागलं. मग रात्रपाळीला वॉर्ड शांत झाला की दोन ते चार या वेळात रोज दहा पानं नुसती उतरवून काढायचे. धडा कुठला का असेना. एका आजोबांना झोप यायची नाही. ते खाटेवरून विचारायचे, “आज काय लिहिलंस?” मी इतिहास वाचून दाखवायचे, ते ऐकत पडायचे. जानेवारीपर्यंत सलग तीन तास लिहिता यायला लागलं. तुम्ही परीक्षेला बसणार असाल तर वाचण्याइतकंच लिहा. माझं ऐका.

घरचं सोपं होतं असं म्हणणार नाही. मालकांनी अडवलं नाही, पण पहिले काही महिने विश्वासही ठेवला नाही. सासूबाई म्हणायच्या की पोरांच्या दहाव्या व्हायच्या आणि आईच पुस्तक घेऊन बसली. डिसेंबरात मी दोन आठवडे सगळं बंद केलं होतं. धाकट्याला डेंग्यू झाला, सुट्ट्या संपल्या, आणि मला वाटलं, हे आपल्या नशिबात नाही. मोठ्याने माझी पुस्तकं परत माझ्या उशाशी आणून ठेवली. बोलला काहीच नाही. त्याचे ते उपकार मी विसरणार नाही.

फेब्रुवारीत संपर्क केंद्रावर तोंडी आणि विज्ञानाची प्रात्यक्षिकं झाली. आम्ही १७ नंबरवाले तिथे अकरा जण होतो. एक रिक्षावाले दादा, एक ब्यूटी पार्लरवाली, बाकी नापास होऊन शाळा सुटलेली पोरं. लिटमसचा कागद निळ्याचा लाल झाला तेव्हा रिक्षावाले दादा आणि मी एकमेकांकडे बघून इतके हसलो की मॅडमनी दटावलं.

१ मार्च २०२४ला मराठीचा पेपर होता, सकाळी अकराला. रात्रपाळी करून थेट केंद्रावर गेले, वाटेत एक केळं खाल्लं. शेजारच्या बाकावरच्या मुलीचे हात थरथरत होते. तिने माझ्याकडे पाहून विचारलं, “काकू, तुम्हाला भीती नाही वाटत?” मी म्हटलं, वाटते गं. मग आम्ही दोघी एकदमच पाणी प्यायलो. शेवटची दहा मिनिटं वाढवून देतात, त्या दहा मिनिटांत माझा निबंध पुरा झाला. बाकीचे पेपर सुटीच्या आणि पाळीच्या अदलाबदलीत गेले. माझ्यासाठी सहा जणींनी पाळ्या बदलल्या. भूमितीचा पेपर वाईट गेला. एक प्रमेय अर्ध्यावर विसरले आणि रडू आवरून पुढचं सोडवलं.

२७ मे, दुपारी एक. मी ड्यूटीवर होते. मोठ्याने फोनवर वाचून दाखवलं: मराठी ६८, हिंदी ६२, इंग्रजी ४१, गणित ४३, विज्ञान ५५, सामाजिक शास्त्रे ६४. सहापैकी चांगले पाच विषय धरतात, त्यात माझं इंग्रजी सुटलं. ५००पैकी २९२, म्हणजे ५८.४० टक्के. टक्के मी स्वतः काढले, वॉर्डातल्या चार्टच्या पाठीमागे. ज्या सिस्टरांनी कोर्सचं सांगितलं होतं त्यांनी मला घट्ट धरलं.

गुणपत्रिका हाती आल्यावर गावी गेले. दादा आता ओसरीवर बसून असतात, कमरेने तोडणी सुटली. त्यांनी कागद हातात घेतला, उलटसुलट केला आणि विचारलं, “माझं नाव कुठंय?” मी बोट ठेवून दाखवलं. त्यांनीही त्यावर बोट ठेवलं आणि बराच वेळ तसंच राहू दिलं.

कोर्स झाला, आता मी आयसीयूत असते. आमच्या दवाखान्यात स्वच्छतेचं काम करणारी एक मुलगी आहे, जालन्याची, सहावीत शाळा सुटलेली. तिला पहिलीत कधी बसली ते वर्ष आठवत नाही, पण बरोबरीच्या मैत्रिणीचा नंबर मिळाला आहे. शनिवारी आम्हा दोघींना सुट्टी आहे. सकाळी सहाच्या गाडीने तिच्या शाळेत जायचं ठरलंय.