निम्मी टाकी वीस मिनिटांत?

फळ्यावरचं गणित असं होतं : १००० लिटरची, सरळ उभ्या भिंतींची टाकी काठोकाठ भरली आहे. तळाशी लावलेला नळ पूर्ण उघडला की ती ४० मिनिटांत रिकामी होते. निम्मी रिकामी व्हायला किती वेळ लागेल?

नववीच्या वर्गाने वह्यांत डोकी घातली आणि लगेच वर काढली. १००० भागिले ४०, म्हणजे मिनिटाला २५ लिटर. ५०० भागिले २५, म्हणजे २० मिनिटं. पायऱ्या नीट, एकक बरोबर, उत्तराखाली दोन रेघा. या गणितात १००० ची गरजच नाही, हे कुणालाच जाणवलं नव्हतं. दिलेला प्रत्येक आकडा कुठेतरी वापरायचाच, ही सवय आपणच खालच्या वर्गांपासून लावतो, तेव्हा तक्रार कुणाकडे करणार?

तिसऱ्या बाकावरची एक मुलगी मात्र पेन खाली ठेवून म्हणाली, "मॅडम, असं होत नाही. बॅरलमधलं पाणी कमी झालं की धार बारीक होते. शेवटची बादली भरायला लई वेळ लागतो."

सोलापुरात हे ज्ञान पुस्तकी नसतं. नळाला रोज पाणी येत नाही. उजनी धरणाचं पाणी ज्या दिवशी येईल त्या दिवशी घरातलं भांडं न् भांडं भरून ठेवायचं. शहराच्या पूर्वभागात कितीतरी दारांत २०० लिटरचं निळं बॅरल आणि त्याच्या तळाला तोटी दिसते. तोटीखाली बादली लावून बसायचं काम बहुधा याच वयाच्या पोरांकडे असतं. "तुझं खरं आहे, पण गणितात दर सारखा धरायचा असतो" असं म्हणून पुढे जाता आलं असतं. तसं म्हटलं की मुलं एक गोष्ट पक्की शिकतात : घरी जे दिसतं ते वर्गाबाहेर ठेवायचं. गणित आणि विज्ञान दोन्ही माझ्याकडे, आणि तासही जोडून होते, म्हणून धडा बाजूला ठेवला.

फळ्याचे दोन भाग केले. डावीकडे 'दिलंय', उजवीकडे 'धरलंय'. डावी बाजू पटकन भरली. उजवीकडे काय लिहायचं हे कुणाला सुचेना, कारण आपण काही धरलंय हेच ठाऊक नव्हतं. शेवटी त्या मुलीच्याच बोलण्यावरून एक ओळ निघाली : 'दर मिनिटाला सारखंच पाणी जातं.' बी.एड.ला आपण सगळेच गणितज्ञ जॉर्ज पोल्या यांच्या १९४५ सालच्या, गणित सोडवण्याच्या चार पायऱ्या पाठ करतो : समजून घ्या, योजना करा, अमलात आणा, मागे वळून तपासा. वर्गात प्रत्यक्ष होते ती फक्त तिसरी. चौथी करायची तर 'धरलंय' हा रकाना लागतो. नाहीतर मुलं तपासणी म्हणून तोच भागाकार पुन्हा करतात.

आता धरलेलं खरं की खोटं, हे मोजायचं. सामान साधं : सरळ भिंतीची प्लास्टिकची पारदर्शक बरणी, व्यास ११ सेंटीमीटर, तळापासून अडीच सेंटीमीटरवर ३ मिलिमीटरचं भोक, आलेख कागदाची पट्टी, वरून पारदर्शक चिकटपट्टी, खाली बादली, मोबाइलवरचं स्टॉपवॉच. भोक हातड्रिलने पाडावं. तापलेल्या खिळ्याने पाडलं तर कडेला वितळलेल्या प्लास्टिकची गोट येते आणि धार तिरकी उडते. तसं झालंच तर ब्लेडने गोट तासून वरून पॉलिश पेपर फिरवायचा. पट्टीचं शून्य भोकाच्या मध्यावर. पाण्यात निळ्या शाईचे चार थेंब, म्हणजे पातळी दुरून दिसते. एका बरणीला सुमारे पावणेदोन लिटर पाणी लागतं आणि सहा गटांना साडेदहा. ते बादलीत गोळा करून पुन्हा वापरायचं, शेवटी झाडांना.

गटात चौघं : एक भोकावर बोट धरणार, एक वेळ पुकारणार, एक पातळी वाचणार, एक लिहिणार. वाचणाऱ्याचा डोळा पातळीच्या रेषेतच हवा, वरून पाहिलं तर दोन-तीन मिलिमीटर सहज चुकतात. काही गटांची चर्चा घरच्या भाषेत, तेलुगूत चालली होती. ती मी कधीच थांबवत नाही. विचार कुठल्याही भाषेत करा, तक्ता मराठीत लिहा.

गडबडी ठरलेल्याच. एका गटाने बरणीचं झाकण घट्ट लावून ठेवलं. धार आधी मंदावली, मग थांबली, मग भोकातूनच बुडबुडे आत जाऊ लागले. हवेच्या दाबाचा पाठ फुकटात झाला. दुसऱ्या गटाने बरणीऐवजी कंबरेत बारीक असलेली कोल्ड्रिंकची बाटली आणली होती. त्यांची पातळी मध्येच भरभर उतरली, कारण तिथे एका सेंटीमीटरमध्ये पाणीच कमी मावतं. तिसऱ्याने उंची टेबलापासून मोजली आणि "आमचं पाणी तीन सेंटीमीटरवर अडलं" म्हणून तक्रार केली. त्यांना वजाबाकी करून पाहायला सांगितलं, तर लागोपाठच्या वाचनांमधले फरक इतरांसारखेच! शून्य कुठे मांडलं याने उंची बदलते, फरक बदलत नाहीत.

एका चांगल्या गटाची वाचनं, दर मिनिटाला, सेंटीमीटरमध्ये : १६.०, ११.२, ७.२, ४.१, १.९, ०.६. सहाव्या मिनिटाला नुसती टपटप. एक सेंटीमीटरच्या खालच्या वाचनावर फार विसंबू नये. तिथे पाणी धार सोडून भिंतीला चिकटून ओघळतं.

लागोपाठची घट काढली : ४.८, ४.०, ३.१, २.२, १.३. मुलगी बरोबर होती, एवढं म्हणून इथे थांबता येतं. पण बहुतेक प्रयोग इथेच थांबतात आणि वाया जातात. मी म्हटलं, या फरकांचेही फरक काढा. ०.८, ०.९, ०.९, ०.९. वर्ग थोडा वेळ नुसता बघत राहिला. मग मागून एक मुलगा म्हणाला, "हे तर ब्रेक लावल्यासारखं झालं."

त्या दिवसातलं सगळ्यात मोलाचं वाक्य हेच. नववीच्या विज्ञानाचा पहिलाच पाठ 'गतीचे नियम'. त्यात एकसमान त्वरणाची समीकरणं येतात, मुलं गाडी आणि ब्रेकची गणितं घोटतात. पाण्याची पातळीही तशीच, ठरावीक दराने वेग कमी करत खाली येते, हे मी सांगितलं असतं तर ते आणखी एक सूत्र झालं असतं. कारण नंतर सांगितलं : इटलीच्या टॉरिचेलीने १६४४ साली छापलेला नियम असा, की धारेचा वेग वरच्या पाण्याच्या उंचीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो. आणि ब्रेक लावलेल्या गाडीचा वेगही उरलेल्या अंतराच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो, v² = 2as मधून तेच निघतं (v वेग, a वेग कमी होण्याचा दर, s उरलेलं अंतर). दोन्हींचं गणित एकच.

एकदा हे दिसलं की जुनी हत्यारं चालतात. सुरुवातीला पातळी मिनिटाला सुमारे ५.३ सेंटीमीटरने उतरत होती. तोच वेग टिकला असता तर १६ सेंटीमीटर ३ मिनिटांत संपले असते, लागली ६. एकसमान मंदनात, म्हणजे वेग ठरावीक दराने कमी होत शून्यावर येताना, सरासरी वेग सुरुवातीच्या निम्मा असतो, म्हणून दुप्पट वेळ. निम्म्या उंचीसाठी सगळं उलटं चालवून पाहायचं : शेवटापासून मागे गेलं तर उंची वेळेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. उंची निम्मी हवी, तर उरलेला वेळ ६ भागिले √२, म्हणजे ४.२४ मिनिटं. गेलेला वेळ १.७६ मिनिटं, सुमारे पावणेदोन. बरणी पुन्हा भरून ८ सेंटीमीटरच्या खुणेवर घड्याळ लावलं, तर एक मिनिट पन्नास सेकंदांच्या आसपास आलं. फळ्यावरच्या टाकीला हाच हिशोब लावला की २० ऐवजी उत्तर येतं ११.७ मिनिटं. आणि पहिल्या २० मिनिटांत तीन चतुर्थांश टाकी रिकामी.

तेवढ्यात जुळे सोलापूरकडून येणारा एक मुलगा अडून बसला. "आमची टाकी गच्चीवर आहे, नळ तळमजल्याला. धार शेवटपर्यंत तशीच राहते." तोही बरोबर. नळापासून पाण्याची उंची टाकी भरलेली असताना ७ मीटर धरा, संपताना ६ मीटर. √७ म्हणजे २.६५, √६ म्हणजे २.४५, धार सात-आठ टक्केच मंदावते. निम्मी टाकी ४० पैकी साडेएकोणीस मिनिटांत जाते. म्हणजे पाठ्यपुस्तकी २० हे गच्चीवरच्या टाकीला जवळजवळ अचूक आणि दारातल्या बॅरलला साफ चूक. फळ्यावरच्या गणितात नळ 'तळाशी' असं लिहिलेलं होतंच. वाचलं सगळ्यांनी, वापरलं एकीने.

परीक्षेत काय लिहायचं, हा प्रश्न येणारच होता. उत्तर : २०, पण पहिल्या ओळीत 'पाणी जाण्याचा दर स्थिर धरला आहे' असं लिहून. त्या ओळीने गुण जात नाहीत, आणि लिहिणाऱ्याला आपण काय धरलं ते कळतं.

ज्यांचं आधी संपलं त्यांना एक प्रश्न दिला : पातळी दर मिनिटाला सारखीच उतरावी, असं भांडं कसल्या आकाराचं असेल? बहुतेकांनी नरसाळं काढलं. दिशा ठीक, पण ते जरा जास्तच निमुळतं होतं. नरसाळ्यात शेवटी पातळी मंदावण्याऐवजी भरभर घसरते. हवा तो आकार म्हणजे ज्याच्या आडव्या छेदाचं क्षेत्रफळ उंचीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतं, म्हणजे त्रिज्या उंचीच्या चौथ्या मुळाच्या. घंटा झाली तेव्हा एक गट १, १६ आणि ८१ या उंच्यांना त्रिज्या १, २, ३ घेऊन तो आकार आलेख कागदावर काढत होता.