लेकराचा कान ठणकतोय म्हणून तेल नका टाकू

थंडी सुटली की आमच्या बीडकडं लेकरांचे कान ठणकायला लागतात. दिवसा नुसती सर्दी असते, रात्री आडवं केलं की लेकरू किंचाळत उठतं, कान ओढतं, दूध घेत नाही, आणि मग घरातलं कुणीतरी करडईच्या तेलात लसूण कडकडवून आणतं. कळवळ्यानंच करतात, मला माहितंय, पण ते तेल कानात टाकू नका हो. दुखणं पडद्याच्या आत, मधल्या कानात असतं. पडदा शाबूत असला तर तेल तिथवर पोचतच नाही, आणि फाटलेला असला तर घाण घेऊन सरळ आत जातं.

नाकाच्या मागून मधल्या कानापर्यंत एक बारीक नळी असते. मोठ्यांची उतरती, लहानग्यांची आखूड आणि जवळजवळ आडवी, त्यामुळं सर्दीत ती सुजून बंद पडली की आत पाणी साठतं, त्यात जंतू वाढले की पू होतो. 6 महिने ते 2 वर्षांच्या लेकरांना हे जास्त होतं. झोपवून बाटलीनं दूध पाजणं, घरात बिडी नायतर चुलीचा धूर, यानं अजून वाढतं.

ठणक्याला वजनाप्रमाणं पॅरासिटामॉल चालतं. अँटिबायोटिक लगेच द्यायचं का, हे डॉक्टरला ठरवू द्या, 2 वर्षांच्या पुढच्या लेकराला साधा त्रास असेल तर ते 2-3 दिवस वाट बघायला सांगतात, 6 महिन्यांच्या आतलं असेल तर थांबत नाहीत. पण कानामागं सूज आली, कान पुढं ढकलल्यासारखा दिसला, तोंड वाकडं झालं किंवा लेकरू गुंगीत गेलं तर त्याच दिवशी मोठा दवाखाना गाठा, अंबाजोगाईचं सरकारी मेडिकल असो नायतर संभाजीनगरची घाटी.

मला खरी काळजी वाटते ती कान फुटल्यानंतरची. पू बाहेर आला की ठणका थांबतो, लेकरू झोपतं, घरचे म्हणतात सुटलं बाबा. बहुतेक वेळा पडदा काही आठवड्यांत भरतो पण, तरी दाखवून घ्यायचं असतं. 2 आठवड्यांच्या वर कान वाहतच राहिला तर "मोठं झाल्यावर थांबेल" म्हणून बसू नका, त्यानं ऐकू येणं कमी होतं. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, अशी लेकरं वर्गात बघते. मागून हाक मारली की वळत नाहीत, शब्द अर्धवट म्हणतात आणि सगळे त्यांना ढ म्हणतात! कान वाहत नसला तरी दुखणं गेल्यावर आत पाणी राहू शकतं, कधी 3 महिनेसुद्धा, तेव्हाही कमीच ऐकू येतं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची टीम शाळेत-अंगणवाडीत तपासणीला येते, त्यांच्या यादीत कानाचा हा आजार आहे, त्या दिवशी लेकरू घरी ठेवू नका.

आणि ऊसतोडीला जाणाऱ्यांनो, न्यूमोकोकल जंतूवरची लस म्हणजे पीसीव्ही 2021 पासून देशभर सरकारी केंद्रात फुकट मिळते, दीड महिना, साडेतीन महिने आणि 9 महिन्याला. सगळीच कानदुखी टळत नाही, पण या जंतूनं होणारी बरीच टळते. आपली लेकरं नेमकी डोस आला की ऊसतोडीच्या कोपीवर, म्हणजे झोपडीवर असतात. लसीचं कार्ड सोबत न्या, कारखान्याजवळच्या आरोग्य केंद्रात दाखवलं की राहिलेला डोस तिथंही देतात.